मायचं नाव पेपरात

बहिरम, ३० डिसेंबर

बाबा,

तुमचं पत्र वाचलं. मला आलेलं नाही, मला तुम्ही कधी लिहिलंच नाही. पेपरात छापून आलेलं वाचलं. सत्तारभाई सकाळी चहासोबत पेपर घेऊन आले आणि म्हणाले, "शिवम, ये नत्थुजी गावंडे तेरे कौन लगते?" मी म्हटलं, बाप. मग त्यांनी पेपर माझ्या हातात दिला आणि पाळण्याच्या बेअरिंगला ग्रीस लावायला निघून गेले. ते काम माझं होतं.

सत्तारभाई म्हणजे अब्दुल सत्तार, अचलपूरचे. ज्या आकाशपाळण्यावर मी काम करतो तो त्यांचा. कार्तिकात कौंडण्यपूरला होतो, आता बहिरमची जत्रा उठेपर्यंत इथं. तुम्हाला हे माहीत नसेल. म्हणजे असेलही, कारण तुम्हीच मागं पेपरात लिहिलं होतं, 'माझ्या परिचयातील एक तरुण बारावी सोडून जत्रेत पाळणे फिरवतो, अशा दिशाहीन पिढीचे काय करावे?' गल्लीतली पोरं तेव्हापासून मला 'परिचयातला' म्हणतात. ए परिचयातल्या, सिगारेट आहे का. त्याचा मला राग नाही आता. तेव्हा आला होता म्हणून तर घर सोडलं.

विषयावर येतो. फोन तुम्ही उचलत नाही. लिहिलेलं मात्र तुम्ही कोणाचंही वाचता, किराण्याच्या पुडीवरचंसुद्धा, म्हणून हे पत्र. शुद्ध लिहायचा प्रयत्न करून राहिलो, चुका झाल्या तर लाल पेनाने गोल करू नका.

तुमचं पत्र चौकटीत छापलं आहे. बाकीच्या वाचकांची नुसती रांगेत, तुमचं चौकटीत. 'शेताच्या कुंपणात वीज सोडून माणूस मारणाऱ्याला शेतकरी म्हणू नये, गुन्हेगार म्हणावे, असे मी याच सदरात अनेकदा लिहिले आहे. बोरखेडी शिवारात माणिकबाई या मजूर महिलेचा मृत्यू झाला. त्यातील आरोपी किशोर हा माझा थोरला मुलगा आहे. म्हणून माझे मत बदलत नाही. मी त्याला जामीन राहणार नाही. ज्याने त्याने आपल्या कृत्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. नत्थुजी गावंडे, जुने शहर, अकोला.'

बाबा, दादाला अटक झाली हे मला या पत्रातून कळलं. माणिकमावशी गेली हेसुद्धा.

माणिकमावशी तुमच्यासाठी 'मजूर महिला' असेल. मी तिच्या पाठुंगळी बसून वावरात गेलो आहे. मायसोबत ती एवढी वर्षं निंदायला येत होती की दोघींचे विळे बदलले तरी कळत नसे. तिच्या मोनालीचं पोट दुखायचं, म्हणून ती थंडीच्या दिवसात आपल्या वावरातून आंब न्यायची. रात्री हरभऱ्यावर धोतर पांघरून ठेवायचं, पहाटे दवानं भिजलेलं धोतर पिळायचं, ते आंबट पाणी शिशीत. तुमच्या फडताळातही तिनंच भरून दिलेली शिशी असायची. अजीर्ण झालं की तुम्ही चमच्यानं घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे.

पेपरात बातमी आहे की पहाटे आंब घ्यायला आलेल्या महिलेला कुंपणाच्या तारेचा झटका बसला. तार दादानं लावली होती, ते खरं. डुकरांनी दोन वर्षं हरभरा असा नांगरून टाकला होता की पेरला होता की नाही तेच समजत नव्हतं. आजूबाजूच्या सगळ्यांनी लावली, मग त्यानंही लावली. गुडघ्याएवढ्या उंचीवर एकच तार, आणि बटन माय-दादा राहतात त्या खोपडीच्या भिंतीवर, त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. दिवाळीला तुम्ही वावरात आलात तेव्हा त्या पिशवीखालीच तुमची टोपी अडकवली होती. मी काही म्हणत नाही. टोपी अडकवली होती एवढंच.

इथं थंडी फार आहे. हंडीतल्या मटणाचा वास सगळ्या जत्रेत भरला आहे आणि मला भूक नाही. अमरावतीला जेलात दादाला भेटायला जातो. भेटून लिहीन.

शिवम


अमरावती, १२ जानेवारी

बाबा,

दादाला भेटलो. जाळीच्या अलीकडं मी, पलीकडं तो, आणि दोन्हीकडं इतकी माणसं एकदम बोलत होती की बाजारात आल्यासारखं वाटलं. दादानं पहिलं काय विचारलं सांगा. डुकरं येऊन राहिली का, म्हणाला. दुसरं विचारलं, माय जेवते का. तुमचं त्यानं विचारलं नाही. तुमचं पत्र त्यानं वाचलं आहे, आत पेपर येतो. कोणीतरी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे. त्यावर तो एवढंच म्हणाला, "बाबानं भाषा चांगली वापरली."

तो चिडून नाही म्हणाला. म्हणूनच लिहून राहिलो.

मग त्यानं मला एक गोष्ट सांगितली आणि मायची शपथ घातली की कोणाला सांगायची नाही. तुम्हाला तर नाहीच नाही. मी ती सांगणार नाही. एवढंच सांगतो, की तुम्ही लिहिलंत ना, ज्याने त्याने आपल्या कृत्याची जबाबदारी घ्यावी, तर दादानं ती घेतली आहे. जास्तच घेतली आहे. यापुढं मला विचारू नका. तुम्ही विचारत नाहीच म्हणा.

कामाचं बोलतो. जामीन मंजूर झाला आहे. दादाच्या वकिलानं सांगितलं, आता फक्त जामीनदार पाहिजे, ज्याचं स्वतःच्या नावावर घर किंवा शेत आहे असा. मी म्हटलं मी राहतो. वकील हसला. कोर्टातल्या बाबूनं विचारलं, पत्ता काय. मी खरं तेच सांगितलं, सध्या बहिरम, त्याआधी कौंडण्यपूर, पुढं जिथं जत्रा भरेल तिथं. बाबूनं पेन खाली ठेवलं आणि शेजारच्याला म्हणाला, "याच्या घराला चाकं हायेत वाटते." मी पण हसलो. हसायचंच होतं. घरून निघताना तुम्ही म्हणाला होता की पत्ता नसलेल्या माणसाला पत नसते. मला ते पेपरातलं वाक्य वाटलं होतं.

सत्तारभाईंनी पण तयारी दाखवली. त्यांचं दादाशी काय नातं, तरी म्हणाले मी येतो. पण त्यांचं अचलपूरचं घर अजून त्यांच्या आजोबांच्या नावावर आहे आणि त्यात सहा चुलत भावांच्या चुलीमागं चुली. ते कागद पाहून वकिलानं हात जोडले.

म्हणजे उरले तुम्ही. जुन्या शहरातलं घर तुमच्या नावावर. बोरखेडीच्या वावराच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव. दादा तिथं राबतो, माय तिथं राहते, आणि नाव तुमचं आहे. हे मी टोमणा म्हणून नाही लिहिलं, कायद्याचं म्हणून लिहिलं.

बाबा, जामीन राहणं म्हणजे तो निर्दोष आहे असं म्हणणं नाही. मी वकिलाला मुद्दाम विचारलं. तारखेला हा माणूस हजर राहील, एवढीच हमी. दादा तारखेला हजर राहील याची शंका तुम्हालाही नसेल. तो पहिलीपासून सातवीपर्यंत शाळा न बुडवणारा पोरगा. बुडवणारा मी.

तुमचं मत बदलू नका. मत तसंच ठेवा आणि फक्त एकदा अमरावतीला या.

शिवम


बोरखेडी, २५ जानेवारी

बाबा,

उत्तर मिळालं. पेपरातून मिळालं. 'पुत्रप्रेम आणि कायदा' असं शीर्षक संपादकांनी दिलं की तुम्ही? 'मला अनेकांनी गळ घातली, परंतु...' अनेक म्हणजे मी एकटाच ना? पूर्वी परिचयातील तरुण होतो, आता अनेक झालो. बढती झाली.

मी पाळण्याचं काम टाकून इथं आलो आहे. आठ दिवसांत जत्रा उठणारच होती. मला मायकडं यायचं होतं आणि यायची भीतीही वाटत होती, म्हणून येताना परतवाड्यात विनाकारण एक दिवस फिरलो, एका दुकानात घड्याळं पाहत उभा राहिलो. मला घड्याळ नको होतं.

माय बरी नाही. ताप वगैरे नाही. भाकर थापते आणि थापून झाली की ती भाकर कोणासाठी हे विसरते. वावरातली तार पोलिसांनी काढून नेली, भिंतीवर खिळ्यांची भोकं आहेत. ती त्या भिंतीकडं पाठ करून बसते.

आता जे लिहितो ते नीट वाचा. तुमच्या सवयीप्रमाणं शेवट आधी वाचू नका.

माय ठाण्यात गेली होती. एकटी. मला न सांगता, मी झोपलेला असताना पायी फाट्यावर गेली, तिथून ऑटो करून. ठाण्यात जाऊन म्हणाली की किशोरचं नाव काढा, माझं लिहा, बटन मी दाबलं. तिथल्या जमादारानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. वाईट वागला नाही. चहा पण मागवला. म्हणाला, "मावशी, इथं येणारी एकेक माय हेच म्हणते. लेकराले घरी न्यायचं तं जामीनदार आणा." मायनं पुन्हा तेच सांगितलं. त्यानं पुन्हा चहाचं विचारलं. किशोरनं कबूल केलं आहे, तपास झाला आहे, कागद पुढं गेले आहेत, असं सांगून त्यानं एका शिपायाला तिला फाट्यापर्यंत सोडायला सांगितलं.

मग ती मोनालीकडं गेली. माणिकमावशीच्या दारात. मीही मागून पोचलो, म्हणून हे माझ्या कानानं ऐकलेलं आहे. मोनाली ओसरीवर धान पाखडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. मायनं तिला सगळं सांगितलं, काय झालं, कसं झालं. मोनाली ऐकत होती आणि पाखडत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, तुमी किशोरभाऊले वाचवून राहिल्या. माही माय असती तं तिनंबी असंच केलं असतं." माय म्हणाली, नाही गं बाई, खरंच. तेव्हा मोनाली म्हणाली, "नत्थुजीकाकानं पेपरात लिवलं ते काय खोटं हाय? जो माणूस सोताच्या पोराले सोडत नाही, तो खोटं कायले लिवीन?"

बाबा, तुमचं कात्रण तिनं घरात ठेवलं आहे. सगळ्या गावात एकटे तुम्हीच तिच्या आईसाठी बोललात असं ती म्हणाली. तुमच्याबद्दल इतक्या मानानं बोलणारं माणूस मला बऱ्याच दिवसांनी भेटलं आणि मला तिथं उभं राहवलं नाही. मी बाहेर येऊन हापशीवर तोंड धुतलं.

परत येताना माय एवढंच बोलली की आता अकोल्याला जाते, तुझ्या बाबाला सांगते, ते वाचलेले आहेत, त्यांना कळेल.

ती ३० तारखेच्या बसनं येईल. मोर्णेच्या पुलावर उतरवून घ्यायला जा, तिला आता रस्ता ओलांडताना घाबरायला होतं. ती काय सांगते ते खरं की खोटं हे मी लिहीत नाही, मला शपथ आहे. फक्त ऐकून घ्या. मधे बोलू नका. तुम्हाला मधे बोलायची सवय आहे, तेवढी एक दिवस ठेवा बाजूला.

शिवम


अचलपूर, ५ फेब्रुवारी

बाबा,

सत्तारभाईंकडं हिशेब करायला आलो होतो. त्यांच्या ओट्यावर बसून हे लिहितो आहे. त्यांची नात नगमा माझ्या पाठीवर खडूनं काहीतरी काढून राहिली. काय काढलं ते मला दिसत नाही.

माय परत आली. तुम्ही तिला पुलावर घ्यायला गेला नाहीत ते एक असो. तिनं सांगितलं, तुम्ही ऐकून घेतलं, मधे बोलला नाहीत. म्हणजे माझं पत्र वाचलं होतं तुम्ही. तिचं संपल्यावर म्हणालात, "आशा, पोरासाठी खोटं बोलू नोको. मले तुहा राग नाही. पण मी खोट्याच्या पाठीशी उभा राहू शकत नाही." आणि तिला बसस्टँडवर सोडायला मात्र आलात. खिडकीपाशी उभे राहून केळी दिलीत.

ती केळी तिनं गावात येईपर्यंत मांडीवर धरून आणली. खाल्ली नाहीत.

मी शपथ मोडतो. मायची शपथ होती आणि मोडतोही मायसाठीच, मग जे काही लागायचं ते मला लागो.

दादानं जेलच्या जाळीतून सांगितलं ते आणि मायनं मोनालीच्या दारात सांगितलं ते मिळून असं. त्या दिवशी पहाटे त्यानं रोजच्यासारखं बटन बंद केलं आणि तो खालच्या विहिरीकडं गेला. माणिकमावशीला आदल्या दिवशी मायनंच सांगितलं होतं की आंब न्यायला ये, पण परवा ये, उद्या रात्री धोतर टाकून ठेवते. मोनालीचं पोट त्याच दिवशी फार दुखलं असावं. माणिकमावशी वाट न पाहता त्याच संध्याकाळी स्वतःचं लुगडं हरभऱ्यावर पसरून गेली होती, मायला न सांगता. सांगायचं काय त्यात, वावर काही परक्याचं नव्हतं. पहाटे ती बंद तार ओलांडून आत आली. मायला हरभऱ्यात खसफस ऐकू आली. अंधार होता अजून. तिला वाटलं डुक्कर. दादानं बटन बंद केलं हे तिला माहीत होतं. तिनं उठून ते चालू केलं.

माणिकमावशी लुगडं पिळून परत निघाली, ओलं लुगडं खांद्यावर घेऊन.

दादा आवाजानं धावत आला. आधी त्यानं बटन बंद केलं. मग त्याला भिंतीपाशी उभी माय दिसली. पोलीस येण्याआधी तो तिला एकच म्हणाला, की तू झोपली होतीस. त्या दिवसानंतर ती कितीतरी दिवस बोलली नाही, तोवर पोलिसांचं सगळं लिहून झालं होतं. दादाचं म्हणणं असं की तार मी लावली, तर बटन कोणाच्या बोटानं दाबलं याला काय अर्थ आहे. ते मला पटतं. आणि रात्री मायचं तोंड पाहिलं की पटत नाही.

आता तुम्ही सांगा, कोणाला गुन्हेगार म्हणायचं. तार लावणाऱ्याला. बटन दाबणारीला. तार पाहून टोपी अडकवणाऱ्याला. ती तार पाहून, चला, यंदा हुरडा-घाटे खायला मिळतील असं म्हणणारा मीही होतो. तुम्ही हे सदरात लिहून विचारलं असतं तर एका चौकटीत उत्तर आलं असतं. मला इथं ओट्यावर बसून येत नाही.

मी तुम्हाला घाबरवत नाही. एवढंच सांगतो की आशाबाई गावंडे तुमच्या घरी येऊन खरं बोलली, आणि तुम्ही तिला केळी दिली.

दादा अजून आत आहे.

शिवम


बोरखेडी, २२ फेब्रुवारी

बाबा,

हे पत्र तुम्ही मागवलं नाही, पण जाताना तुम्ही बसच्या पायरीवर थांबलात आणि माझ्याकडं पाहिलं. ते मी 'लिहीत जा' असं समजलो. चूक असेल तर फाडा.

तुम्ही कोर्टात आलात त्या दिवसाचं मला आधी लिहायचं आहे, कारण तेव्हा मी काही बोललो नाही. तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून आला होता आणि पिशवीत घराची कागदपत्रं वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. बाबूनं विचारलं, आरोपी तुमचा कोण. तुम्ही म्हणालात, मुलगा. मी दोन वर्षांनी तुमच्या इतक्या जवळ उभा होतो आणि मला दिसलं की तुम्ही सही करताना पेन फार दाबता.

दादा बाहेर आला तेव्हा तुम्ही त्याची कपड्यांची पिशवी घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिली. पाया पडला. मग आपण तिघं दर्यापूरच्या बसमध्ये बसलो. मधे एकदा दादा म्हणाला, कापसाच्या पऱ्हाट्या अजून उपटल्या नाहीत लोकांनी. तुम्ही म्हणालात, हो ना. तेवढंच.

मला वाटलं होतं, माय दादाला पाहून रडेल आणि त्या रडण्यात सगळं वाहून जाईल. ती दादाला पाहून रडली. पण तुम्ही खोपडीच्या दारात टोपी काढून उभे होता आणि तिनं तुम्हाला या म्हटलं नाही. तुम्हीच म्हणालात, "आशा, माहं चुकलं. म्या तुह्यावर इश्वास ठेवला पायजे होता."

मायनं तुम्हाला पाणी दिलं. मग म्हणाली, "जमादारानं नाही मानलं, तो परका. मोनालीनं नाही मानलं, तिची माय मेली. तुमी काहून नाही मानलं? मी जल्मभर तुमचं सगळं खरं मानलं. माहं एक खरं तुमाले मानवलं नाही."

तुम्ही खाली पाहत होता. मग तिनं ते मागितलं. "किशोरचं नाव पेपरात लिवलं ना? मंग माहं बी लिवा. तुमी लिवलं तं मोनाली मानीन. दुसऱ्या कोणाचं ती मानत नाही."

दादा उठून बाहेर गेला. तुम्ही म्हणालात, "येडी झालीस का? तुले घेऊन जातीन."

"किशोरले नेलं तवा तुमाले काही वाटलं नाही."

तुम्ही टोपी डोक्यावर घातलीत. तुम्ही दुपारच्या बसनं गेलात. भाकर झाली होती, ती खाऊन गेला असता तर बरं झालं असतं.

आता इथलं सांगतो. दादा पहाटेपासून वावरात असतो. मोनालीच्या घरासमोरून जावं लागू नये म्हणून नाल्याकडून जातो. परवा त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की बाबानं मायचं नाव छापलं तर मी त्यांचं तोंड पाहणार नाही, हे त्यांना कळव. कळवलं. माय म्हणते, नाही छापलं तर ती तुमचं तोंड पाहणार नाही. हेही कळवलं. दोघांच्या मधे मी उभा आहे. तुम्ही विचाराल, तुझं मत काय. मला मत नाही बाबा. मत असतं तर मीही पेपरात लिहिलं असतं. कधी वाटतं तुम्ही लिहावं, कारण मोनाली दादावर थुंकते आणि त्याला ते थुंकणं आपलं वाटतं. कधी वाटतं, मायला जाळीच्या पलीकडं उभी पाहिली तर मी काय करेन.

पाळण्याचा मोसम संपला. सत्तारभाईंचा निरोप आला की चैत्रात पुन्हा ये. पहिल्यांदाच जावंसं वाटत नाही. इथं माझं एक काम ठरलं आहे. सकाळी अकोल्याच्या बसनं पेपर येतो, फाट्यावर टाकतात. मी आणायला जातो. बऱ्याचदा दादा माझ्याआधी तिथं पोचलेला असतो आणि उभ्यानंच वाचकांचं पान उघडून पाहतो. मग घडी घालून माझ्या हातात देतो आणि वावराकडं वळतो. मी पेपर घेऊन घरी येतो. माय हात धुऊन, पदर सारखा करून ओट्यावर बसते, जणू कोणी मोठं माणूस येणार आहे. आणि मी तिला वाचकांची पत्रं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो.

आज तिथं गटारीबद्दल एक पत्र होतं, मोकाट कुत्र्यांबद्दल एक, आणि एक परीक्षेतल्या कॉप्यांबद्दल. परीक्षेचं मोठं होतं, तुमच्यासारखंच लिहिलं होतं, खालचं नाव येईपर्यंत मायनं श्वास धरला होता. नाव दुसऱ्याचंच होतं.

"ह्यांचं नाही?" तिनं विचारलं.

नाही, म्हटलं.

ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, "उद्याचा पेपर पाय."

शिवम